रोमा टोमॅटो : गुंठाभर मोकळे रान ते हवाबंद बरणी (प्रकल्प नोंदी)

२२ ऑगस्ट : वाणाची निवड

जुन्नर तालुक्यात टोमॅटो कोणी नव्याने सांगावा असे पीक नाही. नारायणगावच्या बाजारात हंगामात क्रेटच्या थप्प्या लागतात आणि आमच्या शिवारातले बहुतेक शेतकरी तारकाठीवर चढणारे संकरित वाण लावतात. ते वाण बाजारासाठी आहेत : फळ गोल, चकचकीत, चार दिवस टिकणारे आणि महिनाभर थोडे थोडे निघत राहणारे. मला मात्र या वर्षी टोमॅटो विकायचा नाही, तो वर्षभरासाठी बरणीत भरायचा आहे. म्हणून फळात पाणी आणि बिया कमी हव्यात, गर जास्त हवा, माल थोड्या दिवसांत एकदम पिकायला हवा आणि झाड तारकाठीविना उभे राहायला हवे.

गेल्या वर्षी हाच प्रयत्न मी घरच्या संकरित टोमॅटोवर केला होता आणि तो फसला. पाच किलो फळ आटवून दाट व्हायला तासाहून अधिक वेळ लागला आणि गॅस त्यातच संपला. सारा दोष वाणाचा होता असे म्हणता येणार नाही, पण बियांभोवतीच्या पाण्याने भरलेले चार-पाच कप्पे असलेले फळ आटवायला घ्यायचे म्हणजे आधी ते पाणीच उडवावे लागते.

बरेच विचारून 'रोमा' निवडला. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात विल्यम पोर्ट यांनी तो तयार केला आणि १९५५ मध्ये तो लागवडीसाठी दिला गेला. त्याच्या पूर्वजांत इटलीचा सॅन मार्झानो आहे. फळ लांबट, बहुधा दोनच कप्प्यांचे आणि जाड गराचे असते, आणि झाड झुडूपवजा राहून ठरावीक उंचीवर थांबते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हाही पर्याय होता आणि पाने वळवणाऱ्या विषाणूला तो रोमापेक्षा नक्कीच चांगला तोंड देतो, परंतु तो संकरित असल्याने घरचे बी धरता येत नाही. मला बी धरायचे होते. या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागली, ती त्या त्या तारखेला लिहिली आहे.

१२ सप्टेंबर : पेरणी

९८ कप्प्यांचे तीन प्रोट्रे (रोपे वाढवायचे ट्रे) कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) भरून २९४ बिया टोचल्या. ट्रेवर बारीक छिद्रांची नायलॉनची जाळी कमानीवर ताणली, कारण पांढरी माशी रोपावस्थेतच विषाणू देऊन जाते आणि त्यानंतर केलेल्या फवारणीचा काही उपयोग होत नाही. बियाण्याचे ६० रुपये, ट्रे व कोकोपीट २१०, जाळी ३८० असा खर्च झाला.

याच दिवशी झेंडूही पेरला, आणि तेथे चूक झाली. फळ पोखरणारी अळी टोमॅटोऐवजी झेंडूच्या फुलांवर अंडी घालते, म्हणून तो सापळा पीक म्हणून लावतात. परंतु त्यासाठी टोमॅटोच्या २५ दिवसांच्या रोपाबरोबर झेंडूचे ४५ दिवसांचे रोप लावावे, अशी शिफारस आहे. म्हणजे झेंडू टोमॅटोच्या सुमारे तीन आठवडे आधी पेरायला हवा होता. मी दोन्ही एकाच दिवशी पेरले.

२४ सप्टेंबर

२५१ रोपे उगवून आली. नंतरचे दोन दिवस ढगाळ होते आणि पाणी जास्त झाले, तरी रोपे कोलमडली नाहीत. ट्रे जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवले होते, त्याचा फायदा झाला असावा.

१० ऑक्टोबर : पुनर्लागवड

रान दोनदा नांगरून त्यात घरचे कुजलेले शेणखत मिसळले होते. १२ ओळी पाडल्या, दोन ओळींत ९० सेंटीमीटर आणि दोन रोपांत ४५ सेंटीमीटर अंतर ठेवले. एकूण २३६ रोपे बसली आणि १५ नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरण्यासाठी ट्रेमध्येच राखली. लागवड दुपारी चारनंतर केली. ठिबकची जुनी लॅटरल (ओळीतून जाणारी नळी) होती तीच वापरली.

जाऊबाईंनी एक गोष्ट विचारली आणि ती मी तेव्हा मनावर घ्यायला हवी होती : "वहिनी, काठ्या लावायच्याच नाहीत का? फळ आल्यावर झाड बसेल हं." मी त्यांना सांगितले की वाण झुडूपवजा आहे, त्याला काठी लागत नाही. झाड उभे राहते हे खरे आहे, पण फांदी उभी राहत नाही.

२१ ऑक्टोबर

१३ नांग्या भरल्या. मुळे कुरतडलेली रोपे चार होती, बाकीची उन्हाने गेली.

१५ नोव्हेंबर : विषाणू

पहिली फुले काल दिसली आणि आज पहिली वाईट बातमी आहे. पश्चिमेकडच्या दोन ओळींत शेंड्याची पाने वाटीसारखी वर वळून पिवळी पडली आहेत, पेरे आखूड झाले आहेत. आमच्याकडे याला सगळे नुसते 'व्हायरस' म्हणतात. त्या बाजूला शेजारच्या रानात जुने वांगे उभे आहे आणि पांढरी माशी तिकडूनच येते. रोपे जाळीखाली सांभाळली, पण रानात लावल्यावर कडेने मक्याच्या दोन ओळींचे कुंपण करायला हवे होते, ते केले नाही.

रोगट झाड उपटायला हात धजत नाही, कारण त्याला चार-दोन फुले असतात आणि वाटते की काहीतरी पदरात पडेल. मी तीन दिवस थांबले आणि त्या तीन दिवसांत ९ झाडांची १७ झाली. मग मन घट्ट करून सगळी उपटून गोणीत भरली आणि लांब नेऊन पुरली. महिनाअखेरपर्यंत अशी एकूण ३१ झाडे गेली आणि २०५ उरली. हा प्रयोग करू पाहणाऱ्याने लक्षण दिसेल त्या दिवशीच झाड काढावे.

२५ नोव्हेंबर : अळी

कामगंध सापळ्यांत (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या) पतंग येऊ लागले, पण झेंडूला अजून कळीच आहे. पहिल्या अंड्यांसाठी पतंगांना टोमॅटोशिवाय दुसरे ठिकाण नव्हते. हिरव्या फळांत भोके दिसली. ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी केली आणि रोज सकाळी अर्धा तास अळ्या हाताने वेचल्या. गुंठाभर रानात वेचणी जमते, एकरात जमणार नाही. झेंडू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुलला आणि त्यानंतर अळी खरोखरच त्याच्याकडे वळली. तीन आठवड्यांच्या चुकीमुळे पहिल्या घोसातील बरीच फळे गेली.

६ डिसेंबर : काळे बूड

आठवडाभर मला वाटत होते की करपा (बुरशीचा रोग) आहे. प्रत्यक्षात फळाचे बूड, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोक, आधी पाणीदार होते, मग काळे-तपकिरी, चामड्यासारखे आणि खोलगट होते. हा रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचले नाही की असे होते, आणि रोमासारख्या लांबट फळांत हे जास्त दिसते.

मी दुकानातून कॅल्शियमचे खत आणून दोनदा फवारले. त्यावर घातलेले पैसे वाया गेले असे माझे मत आहे. आमच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असते. कमी पडले होते ते पाणी, कारण नोव्हेंबरच्या शेवटी मोटार जळाली आणि नऊ दिवस ठिबक बंद होते, आणि नंतर भरपाई म्हणून मी एकाच दिवशी रान तुडुंब भिजवले. कॅल्शियम पाण्याबरोबरच मुळांतून वर चढते. पाण्याचा ओघ तुटला की टोकाकडचे फळ उपाशी राहते. मोटार दुरुस्त झाल्यावर एक दिवसाआड ठरावीक पाणी सुरू केले आणि नव्याने धरलेल्या फळांत बूड काळे पडणे जवळजवळ थांबले. आधी काळी पडलेली फळे मात्र सुधारत नाहीत, ती तोडून टाकावीत.

ओल टिकावी म्हणून उसाचे पाचट झाडांखाली पसरले. पाचट सहा ओळींनाच पुरले. उरलेल्या सहा ओळींसाठी पुढच्या आठवड्यात आणू असे म्हणत राहिले आणि ते आणणे झाले नाही.

१८ डिसेंबर

काही झाडांना गोल फळे आली आहेत. मोजून पाहिले तर अशी १९ झाडे निघाली, म्हणजे बियाणे भेसळीचे होते. पाकिटावर 'रोमा' एवढेच छापलेले होते आणि मी बिल जपून ठेवले नव्हते. या झाडांना पांढरी चिंधी बांधली, त्यांची फळे बरणीसाठी घ्यायची नाहीत आणि बियाण्यासाठी तर मुळीच नाही. सर्वांत चांगल्या, निरोगी, एकसारख्या लांबट फळांच्या दहा झाडांना लाल चिंधी बांधली.

२९ डिसेंबर : पाऊस

परवा आणि काल अवकाळी पाऊस झाला. फळांच्या ओझ्याने फांद्या जमिनीवर टेकल्या आहेत आणि जेथे फळ ओल्या मातीला लागले तेथे दोन दिवसांत कुज दिसली. जाऊबाईंचे म्हणणे खरे ठरले. ढगाळ हवेत करप्याचे ठिपकेही वाढले, म्हणून १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मँकोझेब हे बुरशीनाशक घेऊन एक फवारणी केली आणि लेबलवर काढणीपूर्वी सोडायला सांगितलेले दिवस वहीत लिहून ठेवले.

हंगाम संपल्यावर टाकाऊ फळांचे वजन वेगळे केले होते, ते येथेच नोंदवते : पाचट असलेल्या सहा ओळींतून ११ किलो फळ टाकावे लागले, पाचट नसलेल्या सहा ओळींतून ३४ किलो. पुढच्या वर्षी पाचट बाराही ओळींना असेल, आणि दर चार झाडांमागे एक बांबू रोवून दोन्ही बाजूंनी एकेक सुतळी ओढली जाईल. पूर्ण तारकाठीची गरज नाही, फांदी जमिनीपासून वीतभर वर राहिली तरी पुरे.

८ जानेवारी : भरण्याची तयारी

डिसेंबरच्या थंडीमुळे फळ हळू रंगत होते, आता एकदम रंग भरू लागला आहे. या वाणाकडून मला हेच हवे होते. पहिला मोठा तोडा चार दिवसांत येईल.

भरण्याची पद्धत अमेरिकेच्या कृषी खात्याच्या घरगुती डबाबंदीच्या मार्गदर्शिकेतून घेतली आहे, कारण तेथे वेळ आणि आम्लाचे प्रमाण तपासून दिलेले आहे. सोललेला, ठेचून उकळलेला टोमॅटो गरम असतानाच भरायचा, तर पाइंटच्या बरणीला उकळत्या पाण्यात ३५ मिनिटे आणि क्वार्टच्या (दोन पाइंटच्या) बरणीला ४५ मिनिटे, ही वेळ १००० फुटांपर्यंतच्या गावांसाठी आहे. आमचे गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, म्हणजे सुमारे २३०० फुटांवर आहे. येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून १००० ते ३००० फुटांच्या रकान्यातील ५ मिनिटे वाढवायची. घाटमाथ्यावर आणि पठारावर राहणाऱ्यांनी हा रकाना अवश्य पाहावा.

माझ्या बरण्या ४०० मिलीलिटरच्या आहेत, पाइंट ४७३ मिलीलिटरचा असतो. त्यामुळे ४० मिनिटे पुरेशी आहेत आणि मी त्याहून कमी एकदाही घेणार नाही.

आम्लाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळे काम यावर उभे आहे. सामू (पीएच; तो जितका जास्त तितकी आंबटाई कमी) ४.६ च्या वर असलेल्या हवाबंद पदार्थात बॉट्युलिझमचा जंतू विष तयार करू शकतो, आणि ते विष वासावरून किंवा रंगावरून ओळखता येत नाही. टोमॅटो याच सीमेच्या अगदी जवळ असतो. वाण, पिकण्याची अवस्था आणि झाडाचे आरोग्य यांनुसार सामू इकडे-तिकडे होतो. म्हणून प्रत्येक बरणीत ठरलेले लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) घालायचेच : पाइंटला चहाचा पाव चमचा. ताज्या लिंबाचा रस चालत नाही, कारण प्रत्येक लिंबाची आंबटाई निराळी असते. मी किराणा दुकानातून अर्धा किलो लिंबूसत्व १३० रुपयांना आणले आणि भाच्याच्या छोट्या काट्यावर प्रत्येकी १.२५ ग्रॅमच्या पुड्या बांधल्या.

सासूबाईंनी सुचवले की एवढी मेहनत करतो आहोत तर लसूण-मिरचीची फोडणी घालूनच भरावे, म्हणजे आयत्या वेळी भाजीत नुसते ओतता येईल. त्यांची कल्पना सोयीची आहे, परंतु लसूण, कांदा आणि मिरची कमी आम्लाची आहेत, त्यांनी सामू वर जातो आणि तेलाने उष्णता नीट पोहोचत नाही. शिजवण्याची वेळ साध्या टोमॅटोसाठी तपासलेली आहे. बरणीत टोमॅटो, लिंबूसत्व आणि हवे तर मीठ, याशिवाय काही गेले नाही. फोडणी बरणी उघडल्यावर दिली जाते आणि आता सासूबाईंनाच ती देणे आवडते.

१२ व १३ जानेवारी : पहिली फेरी, ३६ किलो

ही फेरी बिघडली, आणि तिच्यात तीन वेगवेगळ्या चुका होत्या.

पहिली चूक चिरण्याची होती. फळे उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून, थंड पाण्यात टाकून साल काढली, हे ठीक झाले. त्यानंतर सगळा टोमॅटो चिरून परातीत ठेवला आणि तासाभराने चुलीवर चढवला. बरण्यांत दुसऱ्या दिवशी खाली स्वच्छ पाणी आणि वर गराचा थर दिसला. चिरल्याबरोबर फळातील विकरे (एन्झाइम) पेक्टिन हा दाटपणा देणारा घटक तोडू लागतात आणि दाटपणा जातो. योग्य रीत अशी की, सहावा हिस्सा चिरून लगेच मोठ्या आचेवर ठेचत उकळवावा आणि उरलेल्या फोडी उकळी न मोडता थोड्या थोड्या घालाव्यात, शेवटी ५ मिनिटे उकळू द्यावे. असा भरलेला माल खाण्यास वाईट नाही, फक्त पातळ आहे.

दुसरी चूक भांड्याची होती. मंडपवाल्याकडून ४० लिटरचे स्टीलचे पातेले दिवसाला १५० रुपयांनी आणले होते, त्याच्या तळाशी जाळी ठेवली नाही. तळाला टेकलेल्या दोन बरण्यांचे बूड गळून पडले. नंतर तळाशी लोखंडी जाळी आणि दोन थरांच्या मध्ये घडी केलेले फडके ठेवले. बाहेर काढलेली बरणी कडप्प्याच्या गार ओट्यावर ठेवू नये, जाड टॉवेलवर ठेवावी.

तिसरी चूक झाकणांची होती आणि ती सर्वांत महाग पडली. तीन रुपयांची फिरकीची झाकणे आणली होती. ती कोरड्या मसाल्याच्या बरणीची निघाली, आत नुसता पातळ पुठ्ठ्यासारखा थर होता. ६६ बरण्या भरल्या, २ फुटल्या आणि उरलेल्या ६४ पैकी १७ ची झाकणे दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाने दाबल्यावर खालीवर होत होती. दुसरी झाकणे हाताशी नव्हती, म्हणून त्या १७ बरण्या फ्रीजमध्ये ठेवून संक्रांतीच्या आठवड्यात सात घरांत वाटून संपवल्या. ४७ राहिल्या. पुण्याहून आत रबरी लेप आणि वर फुगीर बटण असलेली, उकळत्या पाण्याला टिकणारी २५० झाकणे साडेचार रुपये दराने मागवली. बरणी थंड होताना ते बटण टक् असा आवाज करून आत ओढले जाते आणि झाकण बसल्याची खूण पटते.

सामू पाहण्यासाठी आणलेल्या कागदी पट्ट्यांचा उपयोग झाला नाही, कारण टोमॅटोच्या लाल रंगात पट्टीचा रंग वाचता येत नाही. शेवटी १,९०० रुपयांचा मीटर घेतला. त्यावर कच्च्या गराचा सामू ४.३ आला, अतिपक्व फळे वेगळी ठेचून पाहिली तर ४.५, आणि लिंबूसत्व घातलेल्या बरणीचा ४.० च्या आसपास. मीटरचा उपयोग माझ्या समाधानापुरता आहे, त्यावर विसंबून मी लिंबूसत्व कमी करणार नाही.

२४ जानेवारी : दुसरी फेरी, ४८ किलो

या वेळी गर छान दाट झाला, पाणी सुटले नाही. ९४ बरण्या, चार खेपा.

तिसरी खेप पातेल्यात चढली, पाणी उकळू लागले आणि टेबल पुसताना जाऊबाईंना परातीखाली लिंबूसत्वाची एक भरलेली पुडी सापडली. २४ बरण्यांना २४ पुड्या मोजून घेतल्या होत्या. म्हणजे त्या २४ पैकी एका बरणीत आम्ल नव्हते आणि कोणत्या, ते बाहेरून कळणे शक्य नव्हते.

त्या वेळी रात्रीचे नऊ वाजले होते आणि सगळे दमलो होतो. मीटरवर आलेला ४.३ चा आकडा डोळ्यांसमोर होता आणि एका बरणीने काय होते, असा विचार माझ्या मनात आला हे मी लपवणार नाही. परंतु ही बरणी मी नणंदेच्या लहान मुलांच्या घरी देणार होते. चोवीसही बरण्या बाहेर काढून उघडल्या, सगळा गर पुन्हा पातेल्यात ओतून उकळला, बरण्या धुऊन गरम केल्या, नव्या पुड्या घातल्या, नवी झाकणे लावली आणि पुन्हा ४० मिनिटे दिली. आटल्यामुळे २४ च्या २२ झाल्या. २४ झाकणे आणि तीन तास गेले. त्या बरण्यांवर 'दुबार' असे लिहिले आहे, त्यांचा गर थोडा मऊ आहे.

त्या रात्रीच रीत बदलली. आता रिकाम्या बरण्या ओळीने मांडून आधी सगळ्यांत लिंबूसत्व घालते आणि पुडीचा रिकामा कागद त्याच बरणीखाली दाबून ठेवते. भरणारी व्यक्ती कागद उचलून दाखवते, मगच डाव पडतो. बरणीत वर सव्वा सेंटीमीटर जागा सोडते, कडेने पातळ सुरी फिरवून हवा काढते, काठ ओल्या फडक्याने पुसते आणि झाकण बोटांच्या जोरानेच बंद करते.

या फेरीत ३ झाकणे बसली नाहीत, ८९ बरण्या मिळाल्या.

५ फेब्रुवारी : तिसरी फेरी, ४२ किलो

सकाळी सातला सुरू करून दुपारी चारला संपले. ८० भरल्या, एक बसली नाही, ७९ मिळाल्या. लिहिण्यासारखी अडचण आली नाही.

एक तुलना मुद्दाम केली. शेजाऱ्यांकडून संकरित गोल टोमॅटो पाच किलो घेतला आणि पाच किलो रोमा, दोन्ही सारख्या पातेल्यांत, सारख्या आचेवर, चमचा उभा राहील इतके आटवले. रोमाला ४० मिनिटे लागली, गोल टोमॅटोला ६५. ताजी कोशिंबीर करायची तर मी गोल टोमॅटोच घेईन, रोमा कच्चा खायला कोरडा आणि जरा पिठूळ लागतो.

झाडे आता वाळू लागली आहेत. त्यांच्यावर अजून फळ आहे, पण मेलेल्या किंवा मरू घातलेल्या झाडावरचे फळ बरणीत भरू नये, त्याची आंबटाई कमी झालेली असते. ते भाजीत गेले आणि उरलेले आठवडे बाजारात.

९ फेब्रुवारी : बी धरणे

लाल चिंधीच्या झाडांपैकी एकावर उशिरा करपा आला, म्हणून नऊच झाडांची पूर्ण पिकलेली फळे घेतली. बी गरासह काचेच्या भांड्यात दोन दिवस आंबवले, वर बुरशीचा पातळ थर आला तेव्हा पाण्यात धुतले, तरंगणारे बी काढून टाकले आणि खाली बसलेले बी सावलीत ताटलीवर वाळवले. कागदावर वाळवले तर ते चिकटून बसते.

१६ फेब्रुवारी : हिशेब

चांगले फळ एकूण २५८ किलो, म्हणजे झाडामागे सव्वा किलोच्या थोडे वर. त्यातील १२६ किलो भरले, ३८ किलो घरात आणि नात्यात गेले, ९४ किलो आठवडे बाजारात ८ रुपये किलोने विकले गेले, त्याचे ७५२ रुपये आले. टाकाऊ ४५ किलो वेगळे.

शेतीचा रोख खर्च, म्हणजे बी, ट्रे, जाळी, सापळे आणि फवारण्या मिळून १,२२० रुपये. बरण्या २६० नग, १५ रुपये दराने ३,९००. चांगली झाकणे १,१२५, वाया गेलेली झाकणे २१०, लिंबूसत्व १३०, पातेल्याचे भाडे तीन दिवसांचे ४५०, मीटर १,९०० आणि गॅसची एक टाकी ९००. एकूण ९,८३५ रुपये. घरच्या माणसांची मजुरी यात धरलेली नाही, ती धरली तर हा हिशेब पार बदलेल : भरण्याच्या चार दिवसांत तिघी जणी रोज आठ-नऊ तास उभ्या होतो. बरण्या आणि मीटर पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतील, झाकणे नाहीत.

१७ मार्च

सर्व २१५ बरण्या एकेक करून तपासल्या. पहिल्या फेरीतील एकीचे झाकण सैल झाले होते. चव न घेता, झाकणासह पुरून टाकली. २१४ राहिल्या, म्हणजे या वर्षी बरणीमागे सुमारे ४६ रुपये पडले. पहिल्या फेरीतील उरलेल्या ४६ बरण्या जुन्या झाकणांच्या असल्याने आधी संपवायच्या म्हणून पुढच्या फळीवर आणल्या.

११ जुलै

बाजारात टोमॅटो महाग झाला आहे आणि मिळतो तोही हिरवट. आज २४ जानेवारीची एक बरणी उघडली. झाकण काढताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, रंग लाल होता, सामू ४.१. सासूबाईंनी लसणाची फोडणी देऊन सार केले. फळीवर अजून ९६ बरण्या आहेत, त्यांतल्या १३ दुबारच्या.

घरच्या बियाण्यातील ५० बिया ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या, त्यांतील ४४ ना मोड आले. झेंडू २२ ऑगस्टला पेरायचा, टोमॅटो १२ सप्टेंबरला. मक्याचे बी आणून ठेवले आहे आणि पाचटासाठी ऊसवाल्या शेजाऱ्यांना आजच सांगितले.